यलोस्टोनमध्ये काढलेलं पंक्चर

आईनं इंदूरहून आणलेलं शेवेचं पाकीट यलोस्टोनला पोहोचेपर्यंत फुग्यासारखं टम्म फुगलं होतं. आणि त्याच ट्रेलरमध्ये बाबांच्या अंगाखालची हवेची गादी रोज पहाटेपर्यंत पापडासारखी सपाट व्हायची. पाकीट पाहून आम्ही हसलो, त्याचे फोटो काढले. गादीचं मात्र आम्हाला तीन रात्री कळलंच नाही. तुमचे आईवडील असे प्रवासाला येणार असतील, किंवा तुम्हीच मुलाकडे-मुलीकडे परदेशी जाऊन अशा गादीवर झोपणार असाल, तर ही हकीगत तुमच्या उपयोगी पडेल.

आधी ट्रेलरबद्दल सांगते. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. तिला स्वतःचं इंजिन नसतं, पिकअप गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची. आत दोन-तीन शेगड्यांचा ओटा, फ्रिज, इवलंसं न्हाणीघर, एका टोकाला मोठा पलंग आणि दुसऱ्या टोकाला रेल्वेच्या बर्थसारखे दोन बर्थ. मधलं जेवणाचं टेबल रात्री खाली उतरवलं की त्याचाही पलंग होतो. आम्ही सॉल्ट लेक सिटीत राहतो. जूनच्या शेवटी, लेकाच्या सुट्टीत, असा ट्रेलर भाड्यानं घेऊन आईबाबांसह पाच रात्रींसाठी निघालो. इडाहोतून वर जाऊन पश्चिमेच्या दारानं आत शिरायचं, असा साधारण सव्वातीनशे मैलांचा रस्ता. ट्रेलर मागे असला की गाडी बैलगाडीच्या चालीनं न्यावी लागते, त्यामुळे अख्खा दिवस गेला.

यलोस्टोन १८७२ साली स्थापन झालं, जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान म्हणून ते ओळखलं जातं. त्याचा बहुतेक भाग वायोमिंग राज्यात आहे. आमचा मुक्काम यलोस्टोन तलावाजवळच्या फिशिंग ब्रिज इथे होता. नाव मासेमारीचं, पण त्या पुलावरून मासे पकडायला १९७३पासून बंदी आहे! या जागेचा एक नियम आहे. इथे तंबू चालत नाही, कापडी भिंतींचा ट्रेलरही चालत नाही, भिंती टणकच हव्यात. कारण हा ग्रिझली अस्वलांचा इलाका. खाण्याचे पदार्थच नव्हे, साबण, टूथपेस्ट, तेल, म्हणजे ज्याला ज्याला वास येतो ते सगळं आत बंद करून ठेवायचं. आईनं पहिल्याच दिवशी बाहेरच्या टेबलावर लोणच्याची बरणी ठेवली, ती मी धावत जाऊन आत आणली.

झोपायची व्यवस्था अशी होती. मोठा पलंग आईबाबांना द्यायचा हे मी घरूनच ठरवलं होतं. पण तो तीन बाजूंनी भिंतींना चिकटलेला. आतल्या बाजूला झोपलेल्या माणसाला रात्री उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं. बाबांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. त्यांनी स्वतःहूनच सांगितलं, "मी मधल्या पलंगावर झोपतो, न्हाणीघर जवळ पडेल." बाकांच्या गाद्या तीन तुकड्यांच्या, मध्ये फटी, म्हणून ट्रेलरच्या मालकानं टेबलाच्या प्लायवूडवर घालायला हवेची गादी दिली होती. ती पंपानं फुगवली, वर चादर घातली. टुमदार दिसत होती. मोठ्या पलंगावर मी आणि आई, बर्थवर नवरा आणि लेक.

पहिल्या रात्री तीनच्या सुमाराला मला जाग आली तेव्हा बाबा कानटोपी घालून घडीच्या खुर्चीवर खिडकीशी बसलेले. मला वाटलं, जेटलॅग. भारताशी साडेअकरा तासांचा फरक, येऊन दहाच दिवस झालेले. दुसऱ्या रात्रीही तेच. दिवसा मात्र ते गाडीत पेंगायचे. ओल्ड फेथफुलचा फवारा उडाला तेव्हा बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला होता आणि लेकानं त्यांना हलवून उठवलं. आम्ही त्यावरूनही थट्टा केली. ती आठवली की अजून मला बरं वाटत नाही.

तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले. बाबा पुन्हा खुर्चीत. "झोप येत नाही का?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "या वयात किती झोप लागते?" मी त्यांच्या पलंगाच्या कडेला टेकले आणि थेट प्लायवूडवर आदळले. गादीत हवाच नव्हती. रजई बाजूला करून पाहिलं तर खाली नुसतं लोळागोळा प्लॅस्टिक.

"अहो बाबा, सांगितलं का नाहीत?"

"मला वाटलं, मीच झाकण नीट लावत नाही. आणि पंप लावला असता तर सगळे उठले असते. तुमची चार दिवसांची सुट्टी."

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, कंबरेला पट्टा, आणि तीन रात्री लाकडावर. त्यात थंडी. जूनच्या अखेरीसही इथे रात्री पारा दोन-तीन अंशांवर येतो. ट्रेलरमध्ये हीटर असतो, पण हवेच्या गादीचा एक गुण, म्हणजे खरं तर अवगुण, ध्यानात ठेवा. तिच्या आत कापूस नाही, फोम नाही. नुसती हवा असते, ती आतल्या आत फिरत राहते आणि अंगाची ऊब खालच्या थंड लाकडाला पोचवत राहते. वरून दोन रजया घेतल्या तरी पाठ गारच पडते. म्हणून अशा गादीवर पांघरुणापेक्षा अंथरूण महत्त्वाचं. गोधडी अंगावर घेण्याआधी अंगाखाली घाला. त्या रात्री मी बाबांना आईशेजारी पाठवलं, बाकांच्या गाद्या जोडून आईची गोधडी खाली घातली आणि उरलेली रात्र तिथे काढली. फटी नेमक्या कुठे कुठे आहेत ते मला पाठ झालं.

सकाळी नवरा म्हणाला, कोडी गावात जाऊन नवीच गादी आणू. कोडी पूर्वेच्या दरवाजाबाहेर, इथून ८० मैल, मध्ये साडेआठ हजार फुटांवरची सिल्व्हन खिंड. जाऊन येऊन दिवस संपला. बाबा चहा पिता पिता म्हणाले, "पंक्चर झालं म्हणून कोणी नवी सायकल घेतं का?" वीज मंडळाच्या नोकरीत त्यांनी पंचवीस वर्षं सायकल चालवली होती, आणि पंक्चर कधी बाहेर काढलं नाही. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज त्यांच्यासारखा वाटला.

त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल? भोक शोधायला घेतलं नाही. आधी गादी खरंच गळते का, ते पाहिलं. हे फार महत्त्वाचं आहे आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. संध्याकाळी ट्रेलरमध्ये पंचवीस अंश असताना भरलेली हवा पहाटे पाच अंशांवर आली की आकसते. हिशेब केला तर सुमारे सात टक्के. गादी घट्ट राहायला तेवढाच फरक पुरेसा असतो, त्यामुळे एकही भोक नसलेली गादीही थंडीत सकाळी मऊ लागते. शिवाय नवी गादी पहिले काही दिवस ताणते, तेव्हाही ती ढिली पडल्यासारखी वाटते. मग माणसं बिचारी भोक शोधत बसतात, जे नसतंच.

शेवेच्या पाकिटाचं उलटं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. तिथे बंद केलेलं पाकीट यलोस्टोन तलावाशी, २,३५७ मीटरवर आलं. बाहेरच्या हवेचा दाब कमी, म्हणून आतली हवा पसरली. याच कारणानं इथे पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं आणि डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही. आईनं सामानात कुकर कोंबला तेव्हा मी कुरकुर केली होती. त्या कुकरनं पुढे दुसरंही एक काम केलं, ते सांगेनच.

तर तपासायचं कसं? गादी घट्ट भरायची, तिच्यावर कोणी झोपायचं नाही, आणि खोलीचं तापमान फारसं न बदलता दोन-तीन तास तशीच ठेवायची. मग ती बसली तर गळती आहे. फक्त रात्रीच्या थंडीनंतर बसली तर नाही. आमची गादी हीटर चालू असताना पाऊण तासातच मऊ पडली. म्हणजे पंक्चर पक्कं.

मग शोध. ट्रेलरमध्ये शांतता कधीच नसते. फ्रिज गुणगुणतो, हीटरचा पंखा घोंघावतो, नळाचा पंप मध्येच खडखडतो. बाबांनी एकेक करून सगळं बंद करायला लावलं, लेकाला श्वास रोखून उभं केलं आणि गादीवर कान ठेवून इंच इंच सरकत गेले. एकदा कान, एकदा ओला केलेला गाल. गालाला बारीकशी हवा लगेच कळते, हाताला कळत नाही. हाताची कातडी जाड झालेली असते. संशय आधी तोंडावरच्या झडपेवर. बहुतेक गाद्या तिथूनच गळतात. झाकणाच्या रबरी चकतीखाली केस, वाळूचा कण, कापडाचा दोरा अडकला तरी पुरे. आमच्या झडपेत कुणाच्या तरी कुत्र्याचा केस निघाला, तो काढून चकती पुसली, पण गादी तरी बसतच होती.

आता साबण. सायकलवाल्याकडे ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवतात, तशी ही बुडवता येत नाही, मग पाणीच तिच्यावर न्यायचं. भांडी घासायचा पातळ साबण थोड्या पाण्यात कालवून फवाऱ्याच्या बाटलीत भरला. घरी गॅसचा रेग्युलेटर तपासायला आई हेच पाणी लावते, त्यामुळे बाटली तिनंच ताब्यात घेतली. गादी बाहेरच्या लाकडी टेबलावर जुनी चादर अंथरून ठेवली, कारण पाइनच्या सुया टोचून एकाची दोन भोकं व्हायला नकोत. आई फवारणार, बाबा वाकून पाहणार, आणि दर पाच मिनिटांनी मी बाटली आत नेऊन ठेवणार. साबणाला वास असतो ना! लेकाला अस्वल यावं असं फार वाटत होतं.

वरची मखमली बाजू स्वच्छ निघाली. शिवणी, म्हणजे जिथे दोन पत्रे चिकटवलेले असतात त्या कडा, त्याही ठीक. मग गादी उलटी केली. खालच्या गुळगुळीत बाजूला, एका कोपऱ्यापासून वीतभर आत, साबणाचा एक बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. मोहरीएवढाही नव्हता. "सापडला!" बाबा असे ओरडले की शेजारच्या ट्रेलरमधले आजोबा दार उघडून बाहेर आले.

भोक सापडलं की लगेच बॉलपेननं त्याभोवती मोठं वर्तुळ काढा. हवा काढल्यावर ते पुन्हा दिसत नाही, मग सगळं पहिल्यापासून. आणि दुसरं, जे बाबांनी कुणी न सांगता केलं. ते आत गेले आणि पलंगाच्या प्लायवूडवरून तळहात फिरवायला लागले. बरोबर त्याच जागी एक तारेची पिन अर्धी वर आलेली होती. टायरमधला खिळा न काढता ट्यूब बसवली तर काय उपयोग? पिन पक्कडीनं उपटली. मालकाला तिचा फोटो पाठवला.

आता चिकटवायचं कशानं? गादीबरोबर ठिगळाची पुडी होती, पण तिच्यातली डिंकाची नळी पार वाळून खडा झालेली. शेजारचे आजोबा मोंटानाचे, बाबांच्याच वयाचे. त्यांच्या पेटीत सगळं होतं. त्यात सायकलचं पंक्चर किटही निघालं, ते पाहून बाबा हरखले. सोल्यूशन, ठिगळ, घासायचा पत्रा, सगळं ओळखीचं. आजोबांनी मात्र मान हलवली. ते सोल्यूशन रबरासाठी, आणि ही गादी रबराची नाही, विनाइलची. ते दिसायला चिकटतं आणि रात्री सोलून निघतं. झटपट चिकटणारा जो डिंक आपण घरात चपलेपासून कपाच्या कानापर्यंत सगळ्याला लावतो, तोही नको, वाळल्यावर कडक होतो आणि गादी दुमडली की तडकतो. गरम गोंदाची बंदूक तर नकोच, विनाइलच वितळेल. आजोबांनी विनाइलचा डिंक दिला आणि ट्रेलरच्या छपरीच्या कापडाचा एक तुकडा. ती छपरीही विनाइलचीच असते, म्हणून ट्रेलरवाले हे दोन्ही जवळ बाळगतात. बाबांना इंग्रजी जेमतेम, आजोबांना मराठी शून्य. अर्धा तास दोघं हातवारे करून बोलत होते आणि मध्ये दुभाषी म्हणून गेले तर दोघांनाही माझी अडचण होत होती.

पुढचं काम सोपं, फक्त घाई करायची नाही. हवा पूर्ण काढली, कारण आतून हवा रेटत असेल तर ठिगळ बसत नाही. साबण धुऊन जागा कोरडी केली. औषधांच्या पेटीतल्या स्पिरिटच्या पट्टीनं पुसली. ठिगळ भोकापेक्षा चारी बाजूंनी बोटभर मोठं आणि गोल कापलं. चौकोनी ठिगळाचा कोपराच आधी उचलला जातो, हे बाबांचं सायकलच्या दिवसांतलं ज्ञान. (तुमचं भोक मखमली बाजूला असेल तर आधी पॉलिश पेपरनं ती लव घासून काढा, लवेवर काहीच चिकटत नाही.) डिंकाचा वास उग्र असतो आणि ट्रेलर म्हणजे बंद डबा. म्हणून हे सगळं बाहेर केलं. तुम्हाला आतच करावं लागलं तर खिडक्या उघडा आणि गॅस बंद ठेवा. मग ठिगळावर बटर पेपर, त्यावर पोळपाट, आणि पोळपाटावर पाण्यानं भरलेला आईचा कुकर. थंडीत डिंक हळू वाळतो, त्यामुळे गादी आत आणून सपाट पसरली, कुकर पुन्हा ठेवला आणि रात्रीपर्यंत कोणी हात लावायचा नाही असं ठरलं.

तो दिवस आम्ही बाहेर काढला. हेडन व्हॅलीत बायसनचे कळप रस्ता अडवून उभे, त्यांच्यात तांबूस रंगाची पिल्लं. त्यांच्यापासून २५ यार्ड लांब राहायचा नियम आहे, अस्वलापासून १००. पुढे मड व्होल्कॅनो नावाच्या भागात चिखल रटरटतो आणि कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. तिथे ड्रॅगन्स माउथ नावाचा झरा आहे. डोंगराच्या कपारीतून गुरगुरत वाफ बाहेर येते, पाणी हेलकावे खातं. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ पाहत राहिले. "याची झडप कोण बसवणार?" म्हणाले. कॅनियनला ३०८ फुटांचा धबधबाही पाहिला. पण खरं सांगते, आम्हा सगळ्यांचं अर्धं लक्ष त्या कुकरखाली होतं.

रात्री कुकर उचलला. ठिगळाच्या कडेनं नख फिरवलं, कुठे उचललं नव्हतं. प्लायवूडवर आधी सतरंजी घातली, तिच्यावर गादी, तिच्यावर गोधडी. हवा तडस लागेपर्यंत भरली नाही, नव्या ठिगळावर जोर नको म्हणून जरा कमीच ठेवली. आणि भरली तीही अगदी झोपायच्या आधी, खोली गार होऊ दिल्यावर. पंप सगळे जागे असतानाच वाजला. बाबांनी साबणाचं पाणी पुन्हा एकदा ठिगळावर फवारलं, चष्मा लावून दोन मिनिटं पाहिलं आणि काही न बोलता कानटोपी घातली.

शेजारच्या आजोबांनी पैसे घेतले नाहीत. आई त्यांच्या बायकोला वाटीभर शेव देऊन आली.

सकाळी साडेसहाला लेकानं मला हलवलं. खिडकीबाहेर, आमच्या पिकअपपासून जेमतेम दहा पावलांवर, एक भलामोठा बायसन उभा होता. नाकातून वाफा, पाठीवर दवाचे थेंब, टेबलाच्या पायाशी शांतपणे चरत होता. आई उठली, नवरा उठला, सगळे एका खिडकीला चिकटलो. मधल्या पलंगावर बाबा कुशीवर झोपलेले, तोंड किंचित उघडं, घोरत होते. लेक त्यांना उठवायला निघाला, आईनं त्याचा हात धरला. बायसन पाच-सात मिनिटं होता, मग झाडांत निघून गेला.

बाबा उठले सव्वाआठला. फोटो पाहिला आणि आमच्यावर भयंकर चिडले.